“पिशवी काढून टाका” म्हणाले? सही करण्याआधी हे करा

मी सहावीत होते तेव्हा माझ्या आईची पिशवी (गर्भाशय) काढली. तिचं वय तेव्हा एकोणतीस. अंगावरून पांढरं जायचं, कंबर भरून यायची. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात दाखवलं, त्यांनी पोटाचा फोटो काढला आणि “पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल” असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन. दसऱ्यानंतर ऊसतोडीची टोळी निघायची होती, म्हणून टोळी नेणाऱ्या मुकादमाने उचलीतच, म्हणजे हंगामाच्या आगाऊ रकमेतच, पैसे धरले. कोणती गाठ होती, काय काढलं, काय ठेवलं, याचा एकही कागद आमच्या घरात नाही. पस्तिशीतच तिच्या अंगाची आग व्हायला लागली आणि गुडघे गेले.

वीस वर्षांनी तेच वाक्य माझ्या थोरल्या जाऊबाईंना ऐकायला मिळालं. सूज आहे, कॅन्सर होईल, काढून टाका. त्यांचं वय एकतीस. यावेळी मी सोबत होते. आम्ही सही केली नाही. गावच्या उपकेंद्रापासून सिव्हिलपर्यंत (जिल्हा रुग्णालय) सगळ्या पायऱ्या चढलो आणि सात महिन्यांनी जाऊबाई बऱ्या झाल्या, पिशवी जागेवर ठेवून. त्या सात महिन्यांत आम्ही इतके हेलपाटे घातले, इतक्या चुका केल्या, की पुढच्या बाईला तरी ते घालावे लागू नयेत म्हणून हे लिहितेय.

ही आमच्याच घरातली गोष्ट नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक केलं गेलं. केंद्र सरकारने २०२२ मध्ये विनाकारण पिशवी काढणं थांबवण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितल्या. चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढली तर कारणासह त्याची नोंद द्यावी, असं त्या सूचनांत आहे. म्हणजे तुम्ही “का काढायची?” असं विचारलंत तर तो उद्धटपणा नाही. सरकारही तेच विचारतंय.

एक गोष्ट आधीच सांगते. काही आजारांत पिशवी काढावीच लागते आणि तिथे उशीर केला तर जीव जातो. मी ऑपरेशनच्या विरोधात लिहीत नाही. न तपासता, न समजावता, घाईघाईत केलेल्या ऑपरेशनच्या विरोधात लिहितेय. आणि मी डॉक्टर नाही. औषध कोणतं घ्यायचं ते डॉक्टरच सांगतील.

१. आधी कॅलेंडरवर नोंद करा

दवाखान्यात पहिला प्रश्न असतो, “किती दिवस जातं? किती जातं?” आपल्या बायका सांगतात, “लई जातं.” एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही.

भिंतीवरचं कालनिर्णय घ्या. पाळी आली त्या तारखेला गोल करा, थांबली त्या तारखेला फुली मारा. रोज किती कपडे किंवा पॅड बदलले तो आकडा त्या चौकोनात लिहा. गाठी पडल्या तर “गा” लिहा. दोन पाळ्यांच्या मध्ये डाग दिसला तर ठिपका द्या. पांढरं जात असेल तर त्याला वास आहे का, खाज आहे का, रंग दह्यासारखा आहे की हिरवट, ते शेजारी लिहा. जाऊबाईंना लिहिता येत नाही, म्हणून त्या रेघा ओढायच्या आणि त्यांची पोरगी आकडे लिहायची. सिव्हिलच्या मॅडमनी ते पान पाहिलं आणि पहिल्यांदाच कुणीतरी आमच्याशी दहा मिनिटं बोललं.

पाळी आठ दिवसांहून जास्त चालत असेल, तासा-दोन तासाला कपडा भिजत असेल, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडत असतील, तर ते जास्त जाणं आहे. दोन पाळ्यांच्या मधोमध पातळ, पांढरं, वास नसलेलं जाणं मात्र नेहमीचं असतं. तो आजार नाही.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर तेही लिहा आणि डॉक्टरांना सांगा. उसाच्या फडावर खाडा पडू नये, लग्नकार्यात अडचण नको, म्हणून बायका मेडिकलमधून परस्पर त्या गोळ्या आणतात आणि नंतर पाळीची घडी विस्कटते. ही गोष्ट लाजेने लपवली जाते आणि डॉक्टर दुसरंच कारण शोधत बसतात.

२. नोंद करत बसायचं नाही, लगेच जायचं, ते केव्हा?

पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा डाग दिसला, एकदाच, थोडासा जरी असला तरी. संबंधानंतर रक्त जात असेल तर. वजन उतरतंय आणि घाण वासाचं पाणी जातंय तर. चक्कर येऊन पडण्याइतकं रक्त गेलं, किंवा दिवस गेलेले असताना रक्त आणि पोटात कळ आली, तर थेट १०८ ला फोन करा. “वयामुळं असंल” म्हणून यातली कोणतीही गोष्ट अंगावर काढू नका. आमच्या गावात पाळी गेलेल्या बाईचा डाग असाच अंगावर काढला गेला आणि ती सिव्हिलला पोचली तेव्हा फार उशीर झाला होता.

३. कागद एका जागी करा

एक जाड प्लॅस्टिकची चेनची पिशवी घ्या. तिच्यात हे ठेवा:

- आधार कार्ड, मूळ आणि दोन झेरॉक्स
- रेशन कार्ड (कोणत्याही रंगाचं)
- आयुष्मान कार्ड काढलेलं असेल तर तेही
- ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र असेल तर. ते ग्रामसेवकाकडून मिळतं
- आधीचे सगळे केसपेपर, चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफीचा कागद आणि फोटो
- घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं (नाव आठवत नाही, पाकीट मात्र बोलतं)
- कॅलेंडरचं पान
- बाळंतपणं किती, सिझर झालं का, नसबंदी कधी झाली, हे लिहिलेली चिठ्ठी

इथे सगळ्यात जास्त बायका अडकतात त्या नावाच्या फरकात. आधारवर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, नाहीतर सुनेचं नाव सासरच्या रेशन कार्डावर चढवलेलंच नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हे लक्षात येतं आणि मग महात्मा फुले योजना (ती पुढे दहाव्या भागात सांगितली आहे) बाजूला राहून रोख पैसे भरावे लागतात. म्हणून हे काम बरी असतानाच करून घ्या. माहेरच्या रेशन कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा, तहसीलच्या पुरवठा विभागात अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. जाऊबाईंच्या लग्नाला तेरा वर्षं झाली होती तरी त्यांचं नाव माहेरच्याच कार्डावर होतं. ते बदलायला आम्हाला तीन चकरा पडल्या.

४. उपकेंद्रापासून सुरुवात करा, थेट तालुक्याला पळू नका

गावातल्या आशाताईंना आधी गाठा. घरी सगळ्यांसमोर बोलता येत नसेल तर अंगणवाडीत भेटा. त्यांना तीन गोष्टी विचारा. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी कोणत्या दिवशी असतात? हिमोग्लोबिन कुठे तपासतात? “व्हीआयए” तपासणी कुठे होते?

तिसऱ्या प्रश्नातली ही तपासणी नीट समजून घ्या, कारण कॅन्सरची जी भीती दाखवतात तिचा पहिला सोक्षमोक्ष इथेच लागतो. तीस वर्षांवरच्या बायकांसाठी सरकारी यंत्रणेत गर्भाशयाच्या तोंडाची ही तपासणी मोफत आहे आणि साधारण पाच वर्षांतून एकदा करायची असते. पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं औषध लावतात, मिनिटभर थांबतात आणि पांढरा चट्टा उठतो का ते पाहतात. उत्तर तिथल्या तिथे मिळतं. फार दुखत नाही, पण अवघडल्यासारखं होतं. पाळीच्या दिवसांत करत नाहीत, म्हणून पाळी संपल्यावर जा. चट्टा उठला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. पुढची तपासणी करायची एवढाच त्याचा अर्थ. सुरुवातीचा दोष पिशवी न काढता, त्या जागेवर शेक किंवा थंड उपचार देऊन बरा करता येतो.

उपकेंद्रावरून ई-संजीवनीने मोठ्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणंही होतं. पहिला सल्ला तिथेच मिळाला तर एक दिवसाची मजुरी वाचते. मात्र पोट तपासायचं असेल तर पुढे जावंच लागतं. तेव्हा संदर्भ चिठ्ठी मागून घ्या. तोंडी “जा तिकडं” यावर निघू नका. चिठ्ठी असली की पुढच्या दवाखान्यात तुम्ही कुठून आलात, आधी काय केलं, हे पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

५. मोठ्या दवाखान्याचा दिवस कसा लावायचा

ग्रामीण रुग्णालयात बायकांच्या डॉक्टर रोज असतीलच असं नाही. सोनोग्राफीचे वारही ठरलेले असतात. आम्ही पहिल्या खेपेला सोमवारी गेलो तर मॅडम बुधवारच्या. दुसऱ्या खेपेला बुधवारी गेलो तर सोनोग्राफी शुक्रवारची. दोन दिवसांचा रोजगार गेला, आणि जाऊबाई म्हणाल्या, “आता बास, काढूनच टाकू. रोजचं मरण तरी चुकंल.” लोक खाजगीत जातात ते असे, दमून जातात. म्हणून निघण्याआधी आशाताईंना फोन लावायला सांगा आणि दोन्ही वार विचारून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवती बायकांची खास तपासणी असते आणि गर्दी होते. ती तारीख टाळा.

सकाळी साडेआठ-नऊला केसपेपरच्या रांगेत असा. सोबत पाण्याची बाटली आणि डबा घ्या. सोनोग्राफीसाठी कधी लघवी दाबून ठेवावी लागते, तर कधी आधी करून यायला सांगतात. ते विचारून घ्या.

पैशांबद्दल: १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाखाली येतात. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय त्यातलंच. तिथे थोडं शुल्क लागू शकतं, पण योजना चालते. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेही हिशोबात धरा. बाहेरून औषध आणायला सांगितलं तर “इथं मिळत नाही, असं केसपेपरवर लिहून द्या” एवढं शांतपणे म्हणा. बऱ्याचदा औषध आतूनच निघतं. तक्रार करायची किंवा सल्ला हवा असेल तर १०४ नंबर आहे.

६. तपासणीच्या खोलीत

खूप जणी इथूनच परत फिरतात. पडदा नसतो, चार माणसं ये-जा करत असतात, पुरुष डॉक्टर असतात. तुम्हाला दोन गोष्टी मागता येतात: पडदा आणि दार बंद, आणि पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर खोलीत एक बाई. “सिस्टर, तुम्ही थांबा ना” म्हटलं की त्या थांबतात.

सोबतच्या माणसाने बाईच्या वतीने उत्तरं देऊ नयेत. पांढरं जाणं, संबंधाच्या वेळचं दुखणं, लघवी निसटणं, अंग बाहेर येणं (पिशवी खाली सरकणं), या गोष्टी ती नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर बोलणार नाही. आमचे भाऊजी आत आले होते तोवर जाऊबाई फक्त “कंबर दुखती” म्हणत होत्या. मॅडमनी भाऊजींना केसपेपर झेरॉक्स करून आणायला पाठवलं आणि मग पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं. तेव्हापासून मी कुणाहीसोबत गेले की नवऱ्याला बाहेरचं एखादं काम देते.

आत पोट तपासल्याशिवाय, खालून तपासल्याशिवाय, फक्त सोनोग्राफीचा फोटो बघून कुणी “काढा” म्हणत असेल तर तो सल्ला अपुरा आहे.

७. सोनोग्राफीच्या कागदावरच्या शब्दांना घाबरू नका

सगळ्यात जास्त भीती या कागदाने घातली जाते, म्हणून इथे थोडं सविस्तर.

“बल्की यूटेरस” हा शब्द जाऊबाईंच्या कागदावर होता आणि त्याचंच भाषांतर त्यांना “पिशवीला सूज” असं करून सांगितलं गेलं. बल्की म्हणजे पिशवी थोडी मोठी. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच. तो एकटा शब्द म्हणजे आजार नव्हे. रक्त जास्त जात असेल तर त्याचं कारण शोधायचं, पण शब्दावरून ऑपरेशन ठरवायचं नाही.

“नाबोथियन सिस्ट” हे पिशवीच्या तोंडावरचे बारीक फोड असतात. त्यांना काही करावं लागत नाही.

“ओव्हेरियन सिस्ट” म्हणजे अंडाशयावरची पाण्याची गाठ. तरुण बाईत पाळीच्या चक्राबरोबर लहान गाठी येतात आणि दोन-तीन महिन्यांत आपोआप जातात. अशा वेळी सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून बघतात. गाठ मोठी असेल, घट्ट असेल किंवा पाळी गेलेल्या बाईत असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे पुढच्या तपासण्या लागतात.

“फायब्रॉइड” म्हणजे मांसाची गाठ. ती बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. लहान असेल आणि त्रास देत नसेल तर फक्त लक्ष ठेवायचं. पाळी गेल्यावर ती सहसा आक्रसते. गाठ किती सेंटिमीटरची, कुठे आहे, हे विचारून लिहून घ्या.

“एंडोमेट्रियम” म्हणजे पिशवीचं आतलं अस्तर, त्याची जाडी मिलिमीटरमध्ये लिहितात. पाळी चालू असलेल्या बाईत ती महिन्यात कमी-जास्त होते, पाळी यायच्या आधी बारा-चौदाही असू शकते. पाळी गेलेल्या बाईत मात्र ती चार-पाचच्या वर असली आणि रक्त जात असेल, तर आतला तुकडा तपासायला पाठवावा लागतो.

“पिशवीच्या तोंडावर जखम आहे” असंही सांगतात. पुष्कळदा ती जखम नसतेच, आतली लालसर त्वचा तोंडावर आलेली असते. व्हीआयए करून घ्या आणि मग बोला.

हा कागद घेऊन आम्ही तालुक्याच्या एसटी स्टँडवर बसलो होतो. जाऊबाईंनी विचारलं, “यात कॅन्सर कुठं लिहिलाय?” मी एकेक अक्षर लावत सगळा कागद वाचला. तो शब्द त्यात कुठेच नव्हता.

८. औषधांना वेळ द्या

पांढरं जाणं हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाने असतं आणि ते गोळ्यांनी बरं होतं. सरकारी दवाखान्यात त्यासाठी औषधांची रंगीत पाकिटं असतात. त्या तक्रारीला हिरवं, ओटीपोटातल्या दुखण्याला पिवळं. डॉक्टर तपासून देतील. डॉक्टरांनी नवऱ्यालाही गोळ्या सांगितल्या तर त्याने घेतल्याच पाहिजेत. बाईने घेतल्या आणि नवऱ्याने नाही, तर महिन्याभरात ते परत येतं आणि मग “औषधाने गुण येत नाही” असा शिक्का बसतो.

जास्त रक्त जाण्यावर पाळीच्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत आणि हार्मोन असलेली तांबीही असते. ती एकदा बसवली की काही वर्षं काम करते. ही तांबी सगळीकडे मिळत नाही, पण विचारा तरी. थायरॉइडची रक्ततपासणीही करून घ्या, तिथूनही पाळी बिघडते.

जाऊबाईंचं हिमोग्लोबिन ७.८ निघालं. बाईचं १२ च्या खाली असलं की रक्त कमी म्हणतात, ८ च्या खाली गेलं की गंभीर. कंबर दुखणं, धाप, डोळ्यांपुढे अंधारी, हे सगळं त्या “पिशवीमुळं” समजत होत्या, त्यातलं बरंचसं रक्ताच्या कमीने होतं. लोहाच्या गोळ्यांनी संडास काळी होते, कधी पोट धरतं, म्हणून बायका चौथ्या दिवशी गोळ्या बंद करतात. बंद करू नका. चहासोबत घेऊ नका, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या. हिमोग्लोबिन भरल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवा. जाऊबाईंचं ११ वर यायला चार महिने लागले.

हंगामाच्या काळात औषध तुटतं, हा आमच्याकडचा मोठा खड्डा. टोळी कोल्हापूर-सांगलीला गेली, गोळ्या संपल्या, कागद गावी राहिले. निघताना तीन महिन्यांच्या गोळ्या मागून घ्या, कागदांची ती पिशवी कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) सोबत न्या आणि मोबाइलमध्ये प्रत्येक कागदाचा फोटो ठेवा. त्या भागातल्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात तुम्हाला उपचार मिळतात. “तुम्ही इथल्या नाही” हे कारण चालत नाही. आयुष्मान कार्ड असेल तर कर्नाटकातही योजनेच्या दवाखान्यात ते चालतं.

९. तरीही “काढा” म्हणाले, तर हे विचारा

वहीत लिहून न्या. समोर बसल्यावर काही सुचत नाही.

- आजाराचं नाव काय? केसपेपरवर लिहून द्याल का?
- औषधाने किंवा फक्त गाठ काढून भागेल का?
- किती दिवस थांबलं तर चालेल?
- पिशवीच्या तोंडाची तपासणी, आतल्या तुकड्याची तपासणी झाली का?
- अंडाशय ठेवणार की काढणार?

शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि माझ्या आईच्या बाबतीत तोच विचारायला हवा होता. पाळी जायच्या आधीच दोन्ही अंडाशय काढले की अंगाची आग, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं हे लवकर सुरू होतं आणि हृदयाचा धोकाही वाढतो. काही आजारांत ते काढावे लागतात, पण “पुढं त्रास नको म्हणून काढले” हे तरुण बाईसाठी पुरेसं कारण नाही.

“आजच भरती व्हा, उद्या मॅडम नाहीत” असं म्हटलं तरी, रक्त थांबत नसल्यासारखी तातडी नसेल तर, घरी या. अनामत भरू नका. एकदा पाच हजार भरले की ते बुडू नयेत म्हणून माणूस ऑपरेशनला उभा राहतो. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. २०२१ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांप्रमाणे खाजगी दवाखान्यांनी रुग्णहक्कांची सनद आणि दर भिंतीवर लावायचे असतात. तुमचे कागद मागितले तर डॉक्टरांनी ७२ तासांत द्यायचे असतात. मागणी लेखी करा, एक प्रत स्वतःकडे ठेवा. दुसरा सल्ला घ्यायला शक्यतो सरकारी दवाखान्यात जा. आणि पहिल्या दवाखान्याने ज्यांच्याकडे पाठवलं, त्यांच्याकडे तर जाऊच नका.

१०. पैसा

महात्मा ज्योतिबा फुले जनआरोग्य योजनेत आता सगळ्या रेशन कार्डधारकांना कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचाराचं संरक्षण आहे. योजनेच्या दवाखान्यात दाराशी आरोग्यमित्राचं टेबल असतं. केसपेपर काढण्याआधी तिथे जा, नंतर नको. काही शस्त्रक्रिया योजनेत फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखलेल्या आहेत, तेव्हा “हे ऑपरेशन या दवाखान्यात योजनेत बसतं का?” असा नेमका प्रश्न विचारा. “योजना आहे का?” या प्रश्नाचं उत्तर सगळीकडे “आहे” असंच मिळतं. योजनेत नाव घेऊन वर रोख मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ वर फोन करा.

मुकादमाकडून ऑपरेशनसाठी उचल घेऊ नका. तो पैसा पुढच्या हंगामात अंगावर बसतो, आणि ऑपरेशन झालेल्या बाईला तो फेडायला टाके ओले असताना फडावर उभं राहावं लागतं.

११. ऑपरेशन खरंच लागलं तर

कॅन्सर किंवा त्याच्या आधीची अवस्था, औषधांना न जुमानणारं रक्त, मोठ्या गाठी, पूर्ण बाहेर आलेलं अंग, अशी कारणं खरी असतात. मग घाबरू नका, पण तयारी करा. हिमोग्लोबिन आधी वाढवून घ्या. रक्त लागलंच तर कोण देणार ते ठरवा. ज्या कागदावर सही किंवा अंगठा करायचा तो कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. सही बाईची असते. नवऱ्याने केली म्हणून चालत नाही.

तारीख ठरवताना हंगाम बघा. आमच्याकडे ऑपरेशनं श्रावण-भाद्रपदात होतात आणि दसऱ्याच्या पुढे टोळ्या निघतात. मध्ये जेमतेम सहा आठवडे मिळतात. घरातल्या कामाला तेवढे पुरतील, उसाची मोळी डोक्यावर घ्यायला पुरत नाहीत. तीन महिने तरी जड उचलायचं नाही. माझी आई पाचव्या आठवड्यात मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढली होती. शक्य असेल तर ऑपरेशन हंगामाहून परत आल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाला ठेवा. डॉक्टर थांबू नका म्हणाले तर त्या वर्षी कोयता (नवरा-बायकोची जोडी) अर्धाच जाईल हे मुकादमाला आधीच सांगून टाका, उचल घेऊन बसल्यावर नाही. आमच्या घरी हे सासऱ्यांनी सांगितलं. बाईने सांगितलं तर मुकादम ऐकत नाही, घरातल्या जाणत्या पुरुषाने सांगितलं तर ऐकतो. आहे हे असं आहे, म्हणून त्या माणसाला दवाखान्याच्या पहिल्याच खेपेपासून सोबत घ्या.

सुट्टी होताना डिस्चार्ज कार्ड घ्या. त्यावर काय काढलं आणि काय ठेवलं ते लिहिलेलं आहे का बघा, नसेल तर तिथेच लिहून घ्या. काढलेली पिशवी तपासायला पाठवली का, ते विचारा. तिचा रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी येतो. टाके दाखवायला जाल त्याच दिवशी तो मागून घ्या आणि चेनच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवा.